भरल्या पोटाचा जिताडा

मिठाच्या राशीवर विसरलेला मोबाईल. वाजतोय, कोणी उचलत नाही.

रोह्याच्या कंपनीत दुपारच्या शिफ्टला एक माणूस कमी.

कणकेचा गोळा, त्यात हिंग.

उन्हात तांदळाच्या फेण्या. कावळ्यांसाठी काठीला बांधलेलं काळं फडकं.

बांधावर नव्या चपला.

आणि एक बाई. पहाटेची, पदर खोचून, पाटीत काहीतरी झाकून स्वतःच्याच तळ्याकडे चोरासारखी निघालेली.

ह्यातली बाई आधी घेऊ, कारण बाकीचं सगळं तिच्यामुळे.

तिचं नाव सगुणा. हैबतरावाची बायको. दोघांचा जन्म मिठागरात गेला. जिते स्टेशन मागे टाकून खाडीच्या अंगाने चालत सुटलं, की रस्ता जिथे कंटाळून थांबतो तिथे त्यांची वाडी. घरामागे तळं, आळीतल्या चार-पाच घरांचं मिळून. तळ्याला बांध, बांधात उघाडी, म्हणजे फळ्यांचं दार. फळ्या वर केल्या की भरतीचं पाणी आत येतं, खाली सोडल्या की आतलं आत आणि बाहेरचं बाहेर. आणि पाण्यात जिताडे. चांगले हातभर.

खाडीकाठच्या वाड्यांची रीत अशी, की लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात लेक जावयाला घेऊन माहेरी येते. जावयाने सासऱ्याच्या तळ्यातला एक जिताडा स्वतः धरायचा. गळानेच. जाळं नाही, फेकायचा पाग नाही. त्याला कोणी मदत करायची नाही, हाताने नाही आणि तोंडानेही नाही. मासा लागला की त्या दिवशी कालवण, डोकं जावयाच्या ताटात, आणि दुसऱ्या सकाळी लेक-जावयाची पाठवणी. मासा लागेपर्यंत पाठवणी नाही.

ह्यातलं शेवटचं वाक्य सगुणाने नीट धरून ठेवलं होतं.

मनस्वीचं लग्न माघात झालं आणि ती रोह्याला गेली. बालवाडीत शिकवायची, तिथेही तेच काम मिळालं. रोज फोन करायची, पण भांडी घासता घासता. मध्येच "थांब हं आई" म्हणायची, आणि सगुणा थांबायची. पलीकडे नळाचं पाणी वाजत राहायचं. असं चार महिने थांबून थांबून सगुणाने ठरवलं होतं, की पोरगी एकदा घरात आली की तिला एका माशाच्या बदल्यात लगेच परत द्यायची नाही.

म्हणून ती पाटी. पाटीत खाडीवरून हातजाळीने धरलेली कोळंबी, थोडी बारीक मासळी. दिशा उजळायच्या आत उघाडीपाशी जाऊन ती सगळी पाण्यात सोडायची. खालून पाणी फुगायचं, चपाक असा आवाज यायचा, मग शांत.

खाल्लेला जिताडा गळाकडे ढुंकून बघत नाही. हे वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

जावयाला ठाऊक नव्हतं.

कणीक

जावई म्हणजे ऋत्विक. डोंगराकडच्या गागोद्याचा. घरी भाताची शेती, भात कापला की वाल; स्वतः रोह्याच्या कंपनीत कामाला. मासे त्याने धरले होते ते नदीच्या डोहात. म्हणून त्याने पहिल्या सकाळी मनस्वीकडून कणीक मागून घेतली, हिंग घालून मळली, गळाला गोळी लावली आणि बांधावर चपला काढून बसला. चपला नव्या होत्या. सासऱ्यांनी घेतलेल्या. चिखलात भरू नयेत म्हणून त्याने त्या लांब ठेवल्या.

आता जिताडा हा शिकारी मासा. त्याला हलतं, पळतं, जिवंत लागतं. कणीक खाणारा जिताडा अजून जन्माला यायचाय. पण हे जावयाला सांगायचं कोणी? रीत आडवी.

वाडीचे पुरुष मात्र रीतीपेक्षा दोन बोटं पुढे. शेजारचा गुणाजी बांधाच्या ह्या टोकाला येऊन बसला, पलीकडच्या घरातल्या कृष्णाबाईचा मुलगा जगन त्या टोकाला. दोघे जावयाकडे न बघता, जावयाच्या डोक्यावरून बोलायला लागले.

"जगन, जिताडा चपाती खातो का रं?"

"ऐकलं नाय कधी, काका."

"मंग वरणभात?"

"आग्रह केला तर खाईल. पावना मासा असल तर."

आळीतला सगळ्यात म्हातारा दाजी. त्याने वेगळी वाट काढली. तो पाण्याशीच बोलू लागला. उन्हाळ्याचं पाणी दहा वाजता वरून पेज होतं, असं त्याने पाण्याला सांगितलं. मग जिताडा बांधाच्या सावलीला तळाशी जाऊन पडतो. पहाटे वर येतो, नाहीतर सांजेला खाडीवरून वारा सुटला की येतो. भर दुपारी गळ टाकणारा माणूस मासा धरत नाही, ऊन धरतो.

ऋत्विकने हे सगळं ऐकलं. हसला. गोळी नवी लावली आणि तिथेच बसून राहिला, अकरापर्यंत, बारापर्यंत, कान लाल होईपर्यंत.

घरात सगुणा आणि मनस्वी फेण्या घालत होत्या. पीठ शिजवणं, ताटलीवर पसरणं, वाफवणं, अलगद सोडवणं. मनस्वीची सोडवताना फाटायची. फाटलेली फेणी तिथल्या तिथे गरम गरम खाऊन टाकायची, हा तिचा लहानपणापासूनचा कायदा. ती खात होती आणि बोलत होती. रोह्याच्या खोलीबद्दल, वरच्या मजल्यावरच्या निशिगंधाताईंबद्दल, ऋत्विक रात्रपाळी करून आला की चहा न घेता झोपतो त्याबद्दल. मध्ये कुठे नळ वाजत नव्हता. कुठे थांबायचं नव्हतं.

सगुणाने मुद्दाम चार फेण्या फाडल्या.

गांडूळ

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ऋत्विकने कणीक सोडली आणि गांडूळ घेतलं. ओल्या जागी, न्हाणीच्या मागे, स्वतः खणून. ही प्रगती होती. गुणाजीने जगनला तसं कळवलं.

गांडुळाला एक खरबी लागली. करंगळीएवढी मासळी. ऋत्विकने ती वर काढली, तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने तिला परत सोडलं. बांधावर ह्या प्रसंगाची चर्चा संध्याकाळपर्यंत पुरली.

कंपनीला दिलेला नंबर सासऱ्यांचा. फोन आला तेव्हा मोबाईल हैबतरावाबरोबर मिठागरात गेला होता आणि राशीवर विसरला होता. संध्याकाळी ऋत्विकने उलट फोन करून साहिल नावाच्या मित्राशी शिफ्ट बदलून घेतल्या. माझ्या पाळ्या तुला, तुझ्या मागून मला. कारण विचारलं तेव्हा म्हणाला, मासा लागत नाही. पलीकडून बराच वेळ हसणं ऐकू येत होतं.

सगुणाला सुख झालं होतं. दुपारी दोघी मायलेकी ओटीवर आडव्या पडायच्या, मनस्वीचा पाय तिच्या पायावर. पंखा करकर करायचा.

पण घरात दुसरा एक माणूस होता आणि तो रोज थोडा थोडा वाकत चालला होता.

हैबतराव पहिल्या दोन दिवशी चहाच्या टपरीवर छाती काढून गेला. तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारलं, जावई मासा धरायला आलाय का तळं राखायला. चौथ्या दिवशी दुसऱ्याने विचारलं, आता सातबाऱ्यावर नाव चढवायचं का त्याचं. पाचव्या दिवशी हैबतराव टपरीवर गेलाच नाही. चहा घरी मागितला आणि तो तसाच निवला.

कृष्णाबाईने नळावर सगुणाला गाठलं. "तुजा जावई गुणी हाय गो," ती म्हणाली. "बसवला तिथं बसतो. आमच्या देवळात असा एक हवा होता."

बाया हसल्या. सगुणाही हसली, पण कळशी घेऊन परतताना पाणी हिंदकळत राहिलं.

जेवताना हैबतरावाने आवाज खाली आणून सांगितलं, की उद्या दुपारी आळी झोपली की तो पाग टाकणार. एक फेक. एक जिताडा. तो जावयाच्या गळाला अडकवून ठेवायचा आणि हाकाटी करायची.

सगुणा त्याच्याकडे बघतच राहिली. हा माणूस कधी मिठात खडा मिसळून विकला नाही. मापात मूठभर जास्तच द्यायचा. आणि आज लेकीच्या घराची अब्रू राखायला स्वतःच्या तळ्यात चोरी करायला निघाला होता. आपण पाच दिवस पोरीला जवळ ठेवून घेतलं, पण त्याचं मोल कोण चुकतं करतंय, हे तिने आत्ता पाहिलं. जावई चुकता करत होता, नवरा चुकता करत होता.

"पाग टाकू नका," ती म्हणाली. "लागेल मासा. दोन दिस द्या."

"तुला काय म्हायती?"

"मला म्हायती हाय."

दुसऱ्या पहाटे ती उठली, पाटीकडे बघितलं आणि पुन्हा आडवी झाली. मनस्वी जाईल. जाऊ दे. पोरगी दिली ती दिली.

कोळंबी

त्या दिवशी ऋत्विकने कोळंबी लावली. जिवंत, शेपटीतून. कोणाच्या तरी गप्पांतून शिकला असणार. बसला पण पहाटेच, उघाडीपाशी, सावलीत. वाडीत एकदम गंभीर शांतता पसरली. आता गंमत नव्हती, आता शक्यता होती.

मासा लागला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. कोळंबी गळावर नाचून नाचून दमायची, ऋत्विक ती बदलायचा, बूच पाण्यावर ढिम्म.

सगुणाला हे काही केल्या उमगेना. तिने चारा बंद केला होता. उपाशी जिताडा कोळंबी सोडत नाही, पाण्यात पडायच्या आत उडी मारतो. तळ्याला रोग तर नाही लागला? पाणी फार तापून मासे मेले तर नाहीत? पण मेले असते तर वर आले असते, वास सुटला असता.

ती दुपारची झोपली नाही. मनस्वीला आणि ऋत्विकला झोप लागल्यावर उठली, माडाच्या झावळ्यांचा ढीग होता त्याच्या आड जाऊन बसली.

काहीच नाही

आधी गुणाजी आला. डोक्याला टॉवेल, हातात बादली. इकडे तिकडे पाहिलं आणि बादली तळ्यात उपडी केली. चांगली शेरभर कोळंबी. चपाक. चपाक चपाक.

सगुणा झावळ्यांआडून उठून उभी राहिली. गुणाजीची बादली हातातून सुटली आणि गडगडत पाण्यात गेली.

"हे काय चाललंय, भावजी?"

गुणाजीने खूप वेळ टॉवेल सारखा केला. मग बोलला. तो जागा लावत होता. म्हणजे असं, की रोज त्याच जागी चारा पडला की मासा तिथे यायला शिकतो, आणि मग त्या जागी गळ पडला की काम झालं. जावयाशी बोलायची बंदी, माशाशी बोलायची नाही. पोराची दया येत होती. पहिल्या दिवसापासून तो रोज दुपारी जागा लावत होता.

"रोज?"

"रोज. गरिबाचा पोरगा हाय गो तो. सुटी काढून आलाय."

हे चाललेलं असताना मागून कृष्णाबाई आली. ताटलीत भात आणि जवळा. दोघांना बघून ती ताटली पदराखाली घेऊ लागली, पण जवळ्याचा वास काही पदराखाली राहत नाही. तीही जागा लावत होती. नळावर देवळातल्या मूर्तीची गोष्ट काढणारी तीच. तिचं म्हणणं, बोलले म्हणून काय झालं, जावई आळीचा हाय.

ऋत्विक सांजेचा चहाला घरी गेला की दाजीही येतो, असं कृष्णाबाईने सांगितलं, म्हणून त्याला पकडायला तिघे मिळून थांबले. तो निवट्या घेऊन आला. चिखलातून काढलेल्या, उड्या मारणाऱ्या, मूठभर. म्हाताऱ्याने ह्या वयात गुडघाभर चिखलात जाऊन धरल्या होत्या. जगन दाजीच्या पाठोपाठ आला तो रिकाम्या हाताने, पण त्याच्या हातांना बोय माशांचा वास होता. तो सकाळीच पलीकडच्या टोकाला उरकून गेला होता.

थोडक्यात, सगळी आळी. सकाळी जगन, दुपारी गुणाजी आणि कृष्णाबाई, सांजेला दाजी. प्रत्येकाने गुपचूप, प्रत्येकाने जावयाच्या मायेने. तळ्यातले जिताडे श्रावणातल्या भटजींसारखे जेवून जेवून तळाशी पडले होते.

सगुणाने मग जो तोंडाचा पट्टा सोडला तो वाडीने अजून विसरलेला नाही. अक्कल गहाण टाकली काय, माशाला बाळंतिणीसारखं खाऊ घालतात काय, पोरगा उन्हात करपला, ह्यांचं दुपारचं वाढप चाललंय. म्हातारा दाजीसुद्धा मान खाली घालून ऐकत होता. बोलता बोलता तिला स्वतःची पाटी आठवत नव्हती असं नाही. आठवत होती. म्हणूनच आवाज जरा जास्त चढला होता.

शेवटी कृष्णाबाईला हसू फुटलं. मग गुणाजीला. मग दाजीला हसता हसता खोकला लागला आणि जगनने त्याची पाठ चोळली. बांधावर बसून सगळे हसले. हैबतराव आवाज ऐकून आला, त्याला काय झालं ते सांगितलं, आणि कितीतरी दिवसांनी त्याचे खांदे सरळ झाले. जावयात खोट नव्हती. खोट वाढपात होती.

ठरलं, की आता माशांना उपास. अमावास्येला उधाण येईल तेव्हा उघाडी उघडायची. नवं गार पाणी आत आलं की मासा ताजा होतो, उगवतीला उघाडीच्या तोंडाशी येतो. ही जावयाला मदत झाली का, असा प्रश्न जगनने काढला. दाजीने निकाल दिला, की तळ्याला पाणी लागतंच, ते काय जावयासाठी?

आणि अमावास्या अजून लांब होती. हे ऐकून सगुणा घरी गेली आणि रात्री मनस्वीच्या आवडीचं वालाचं बिरडं केलं. आता हे दिवस चोरीचे नव्हते. आळीने दिलेले होते. ऋत्विकने साहिलला पुन्हा फोन लावला.

बोय

अमावास्येच्या मध्यरात्री, उधाणाला, उघाडीच्या फळ्या वर केल्या होत्या; पहाटे त्या पुन्हा खाली होत्या. आत आलेलं खाडीचं पाणी अजून मंद घोळत होतं, त्यावर बारीक फेस. ऋत्विक बांधावर होता. सगुणा तांब्या घेऊन आली. तांब्यात पाणी, पाण्यात बोयांची तीन-चार पिल्लं, चांदीसारखी, गोल गोल फिरणारी. तिने तांब्या त्याच्याजवळ ठेवला आणि खाडीकडे तोंड करून उभी राहिली, जणू तांब्याशी तिचा संबंध नाही.

ऋत्विकने आत वाकून पाहिलं.

"आई, पाठीतून ओवायचा का हा?"

सगुणा खाडीशी बोलली. "पाठीच्या काट्याच्या मागून. मरता कामा नये."

त्याने ओवला. सावकाश, काळजीने. मग म्हणाला, "पहिल्या दिवशीपण तुम्ही एवढ्याच पहाटे आला होता. पाटी होती. मला डासांनी झोप नव्हती."

खाडीशी बोलणाऱ्या बाईला खाडीकडे बघणं एकदम अवघड झालं.

"मंग बोलला नाय ते?"

"मला कुठं घाई होती," ऋत्विक म्हणाला. "मनस्वी इथं झोपेत हसते. तिकडं नाय हसत."

गळ पाण्यात पडला. सगुणा तिथून हलली नाही.

बूच एकदा कलंडलं. मग दिसेनासं झालं. काठी अशी वाकली की ऋत्विक बसल्या जागेवरून उभा राहिला तो थेट पाण्यात, कमरेपर्यंत. मधोमध जिताडा उसळला, सगळाच्या सगळा, डोकं झाडत, पितळी डोळा उन्हात लालभडक. बांधावर आता सगळी आळी होती. कोणी बोलत नव्हतं. हैबतरावाने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले होते, आणि ते मागे आपसूक दोरी ओढत होते. सैल सोड, मग ओढ, सैल सोड. ऋत्विकला हे दिसत नव्हतं, पण तो तेच करत होता. दोनदा पडला. एकदा तोंडात चिखल गेला. शेवटी त्याने मासा पोटाशी कवटाळला आणि रांगत काठावर आला, आणि तेवढ्यात मनस्वी केस न बांधता धावत आली ती त्या दोघांना एकत्रच धरून बसली, नवऱ्याला आणि माशाला.

कालवण झालं. पाच घरांना वाटी वाटी गेली. डोकं जावयाच्या ताटात. ऋत्विकने ते जितकं नीट खाल्लं, तितकं ह्या घरात पूर्वी कोणी खाल्लं नव्हतं, गागोद्याचा असूनही. हैबतराव त्या दिवशी टपरीवर दोनदा चहा प्यायला आणि दोन्ही वेळा सगळ्यांचे पैसे त्याने दिले.

दुसऱ्या सकाळी मोटरसायकलवर फेण्यांचा डबा बांधला. मनस्वी मागे बसली. सगुणाने तिच्या ओटीत तांदूळ घातले, ऋत्विकच्या पाठीवर हात ठेवला. त्याच्या मानेची कातडी उन्हाने सोलली होती. तिने ती बोटाने हलकेच झटकली, जशी फेणी ताटलीवरून सोडवतात.

गाडी रस्त्याला लागली. धूळ बसली. सगुणा अंगणात उभी राहिली ती चांगली हलकी होऊन, रडू येईल असं वाटलं होतं पण आलं नाही. सगळं बोलून झालं होतं. कितीतरी दिवस पोरगी घरात होती. तिने पाटी पालथी करून वळचणीला ठेवली आणि गुणाजीची बादली काढायला काठी घेऊन तळ्यावर गेली.

सगुणाच्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात हैबतरावाला तिच्या माहेरच्या तळ्यात पहिल्याच सकाळी मासा लागला होता, आणि ती माहेरी दोनच रात्री राहिली होती.